लाल ठिपक्याचे कटोरे

आमच्या घरी पाण्याच्या टाक्याचं झाकण कोणी उघडं टाकलं की माझं डोकं फिरतं. मी ओरडतो. मंदा, म्हणजे माझी बायको, पोळ्या लाटता लाटता म्हणते, "आल्या वाटते मॅडम अंगात." मग मीच उठून झाकण लावतो. मॅडमला जाऊन दोन पावसाळे झाले.

मॅडम म्हणजे पाझारे मॅडम. वर्ध्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि मी त्याच विभागात प्रयोगशाळा परिचर. परिचर हा कागदावरचा शब्द. लोक शिपाईच म्हणायचे, म्हणोत बापडे. बाटल्या धुणं, स्लाइडी पुसणं, बरण्यांत औषध भरणं, कपाटांच्या किल्ल्या सांभाळणं, यात माझी एकोणीस वर्षं गेली. त्यातली पंधरा मॅडमच्या हाताखाली. हाताखाली म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही, ते पुढं येईलच.

दिसायला बुटक्या, सुती साडी, पायात मात्र कॅनव्हासचे बूट. पर्समध्ये कंगवा सापडणार नाही, पण चहाची एक गाळणी आणि बोटभर टॉर्च हमखास. कोणाच्याही घरी गेल्या की पाणी विचारायच्या आधी पाण्याचं भांडं बघायच्या. टाकी, रांजण, कूलर, कुंडीखालची थाळी, फ्रिजच्या मागचा ट्रे. झाकण काढायचं, टॉर्च मारायचा, गाळणी फिरवायची. बाईमाणूस काय करून राह्यली म्हणून घरचे बघत राहायचे. सरकार सांगतं ना, आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून कोरडी करा, कोरडा दिवस पाळा? भिंतीवर लिहिलेलं असतं, त्याच्याच खाली डबकं असतं. अख्ख्या वर्धा जिल्ह्यात तो दिवस मनापासून पाळणारी मी एकच बाई पाहिली. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "झाकण काढल्याशिवाय काही सांगू नये." वर्गात म्हणायच्या, मीटिंगमध्ये म्हणायच्या, माझ्या पोरीच्या सोयरिकीच्या वेळीसुद्धा म्हणाल्या.

एकदा आमच्या ऑफिसातल्या एका क्लार्कच्या मुलीचं लग्न होतं, सिंदी रेल्वे या गावी. आम्ही दोघं पॅसेंजरनं गेलतो. मंडपात वाजंत्री, अत्तर, गुलाबपाणी, सगळं जोरात. मी पंगतीकडं नजर लावून बसलो आणि बघतो तर मॅडम गायब. मागं आचाऱ्यांकडून आरडाओरड ऐकू आली. जाऊन पाहिलं तर मॅडमनी साडीचा पदर खोचलेला आणि पाण्याचा निळा ड्रम आडवा पाडलेला! अख्खा ड्रम, दोनशे लिटरचा. आचारी कपाळाला हात लावून उभा.

"अवो बाई, वरणाचं पानी व्हतं ना ते! आता पंगत का कोरडी बसवू?"

"यात अळ्या होत्या," मॅडम म्हणाल्या आणि गाळणी त्याच्या नाकासमोर धरली. "हे पाहा. वळवळून राह्यल्या."

मुलीचा बाप धावत आला. हात जोडून म्हणाला, "मॅडम, आज माह्या घरचं कार्य आहे जी." मॅडमनी त्याच्याकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. माफी मागितली, स्वतः दोन कळश्या शेजारून भरून आणल्या आणि न जेवताच निघाल्या. मीही उपाशी. माझ्या पोटात कावळे कोकलत होते आणि मागून बुंदीचा वास येत होता. राग आला होता, खोटं कशाला बोलू.

स्टेशनच्या बाकावर बसल्यावर मी कुरकुर केली, "लग्नघरी असं करतात का मॅडम?" त्यांनी पर्समधली गाळणी काढून पदरानं पुसली. मग आपण होऊन सांगितलं. त्यांची धाकटी बहीण कुसुम याच सिंदीत दिलेली होती. मॅडम दर रविवारी तिच्याकडं यायच्या, मागच्या अंगणात सिमेंटच्या टाक्याच्या कठड्यावर बसून दोघी चहा प्यायच्या. कुसुम डेंग्यूनं गेली. सहा दिवसांत. तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर पाय धुवायला म्हणून मॅडमनी त्या टाक्यावरचा पत्रा सरकवला.

"काळं झालतं पानी," त्या म्हणाल्या. "अळ्यांनी. मी प्राणिशास्त्राची डॉक्टर, सुधाकरभाऊ. पोरांले डासाच्या चार अवस्था फळ्यावर काढून दाखवतो. आणि त्याच पत्र्याले टेकून मी चार वर्षं चहा पेत होतो. एकदा उचलून पाहिला नाही."

एरवी त्या शुद्ध बोलायच्या. मनात काही ढवळलं की वऱ्हाडी यायची. गाडी आली, आम्ही बसलो. वर्ध्यापर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि मी त्यांच्या बुटांकडं.

त्यानंतर इच्चू सुरू झाले. इच्चू म्हणजे विंचू, आमच्याकडं इच्चूच म्हणतात आणि विषाला इख. मॅडमचं म्हणणं सरळ होतं. "इच्चू काय खाते? किडे. मग त्याचं इख कोणासाठी बनलं? किड्यांसाठी. डास हा किडाच आहे. माणसाले, मासोळीले, गाईले काही न करता फक्त डासाले मारणारा एखादा तुकडा त्या इखात असलाच पाहिजे. तो पाण्यात टाकला की अळी मेली पाहिजे." विभागप्रमुख हसले. "मॅडम, गप्पी मासे आहेत, धूर आहे, औषध आहे. आता काय डासाला विंचू चाववणार?" मॅडम म्हणाल्या, "औषधाला डास सरावले, सर." सरांनी मान डोलावली आणि एक पडकी खोली दिली, जिथं आधी मोडक्या बाकांचा ढीग होता.

सेलूकडं जाताना एक बरड आहे, नुसता मुरूम आणि दगड. तिथं आम्ही सकाळी उन्हं चढायच्या आत जायचो. मॅडम वाकून एकेक दगड उलटायच्या. माझ्या हातात लांब चिमटा आणि झाकणाला भोकं पाडलेल्या बरण्या. त्यांचा एक नियम होता, उलटलेला दगड जसा होता तसाच परत ठेवायचा, त्याच खळग्यात, त्याच बाजूनं. "आपण पाहुणे आहो. दार लावून जावं." माझी कंबर मोडायची, पण मी ठेवायचो. एकदा निंदायला चाललेली एक म्हातारी थांबली.

"काय हरपलं वो बाई?"

"इच्चू शोधून राह्यलो, मावशी."

म्हातारीनं डोक्यावरचं गठुडं सावरलं. "घरचा व्हता का?"

मॅडम इतक्या हसल्या की दगडावर बसल्या. पंधरा वर्षांत असं हसताना मी त्यांना दोनदाच पाहिलं, त्यातलं हे एक.

खोलीत बरण्यांची रांग लागली. दर काही आठवड्यांनी एकेका विंचवाला चिमट्यात धरून नांगीला बॅटरीच्या दोन तारा टेकवायच्या. नांगीच्या टोकाला थेंब यायचा, मोहरीपेक्षाही लहान. तो केसासारख्या बारीक काचेच्या नळीत ओढून घ्यायचा. दुसरीकडं जाळी लावलेल्या परातीत डासांच्या अळ्या पाळलेल्या, त्यांना खायला बिस्किटाचा चुरा. मंदाला मी सांगितलं तर ती म्हणाली, "पोरांले बिस्कीट नाई आणि डासाले बिस्कीट!" प्रयोग असा, की प्लास्टिकच्या कटोऱ्यांच्या दोन रांगा मांडायच्या. दोन्हींत सारखं पाणी, सारख्या अळ्या. एका रांगेत विषाचा अंश घालायचा, दुसरीत काहीच नाही. विषाच्या कटोऱ्यांना बुडाशी नेलपॉलिशचा लाल ठिपका, म्हणजे ते साध्यात मिसळू नयेत. आणि मला सक्त ताकीद होती, कटोरे धुवायचे ते फक्त पाण्यानं, चार वेळा. साबण लावायचा नाही.

एका दुपारी बरणीचं झाकण लावताना लाल विंचवानं त्यांच्या करंगळीला मारलं. मी ओरडलो, त्या नाही. ऑटोत बसवलं तर दात आवळून म्हणतात, "घड्याळ बघा. लिहा. बारा मिनिटं झाली, घाम सुटला. हात कोपरापर्यंत बधिर." मी लिहीत होतो आणि ऑटोवाला मागं वळून वळून बघत होता. दवाखान्यात सिस्टरनं फॉर्म पुढं केला. "सोबत कोण? नातेवाईक आहे का कोणी?" नव्हतं. एक भाची नागपूरला, बाकी कोणी नाही. मी म्हणालो, "मी कॉलेजातला शिपाई आहे जी." मॅडमचे ओठ पांढरे पडले होते. तेवढ्यातही त्यांनी मान वळवली आणि म्हणाल्या, "सहकारी लिहा, सिस्टर."

दोन दिवस मी तिथं बाकावर बसून काढले. नर्स विचारायची, घरचं कोणी आलं का? मी दाराकडं बघायचो. कोणी आलं नाही. त्या दोन दिवसांत मला जी भीती बसली ती गेलीच नाही. स्वतःसाठी थोडी आणि त्यांच्यासाठी जास्त.

आणि त्या भीतीनंच माती केली.

मॅडम परत आल्यावर मी लाल ठिपक्याचे कटोरे वेगळे धुवायला लागलो. गरम पाणी, भांड्याचा साबण, चांगला फेस काढून घासायचो आणि तासभर साबणाच्याच पाण्यात ठेवायचो. त्यात विष राहिलं आणि उद्या मॅडमच्या बोटाला लागलं तर? साधे कटोरे मात्र नुसत्या पाण्यानं. नळाला पाणी दिवसाआड यायचं, त्यामुळं साबणाचे कटोरे शेवटी एका पाण्यातून काढले तर काढले. जुने, चरे पडलेले कटोरे. प्लास्टिकच्या चऱ्यांत साबण धरून राहतो आणि तेवढ्यानंही अळी मरते, हे मला कुठं ठाऊक?

लाल ठिपक्याच्या रांगेतल्या अळ्या मरायला लागल्या. साध्या रांगेतल्या जिवंत, टुणटुणीत. मॅडमनी पुन्हा केलं, पुन्हा तेच. वर्षभर तेच. एक दिवस त्या दोन्ही हात कमरेवर ठेवून कटोऱ्यांकडं बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "कुसे, झालं वो." त्यांना वाटलं मी ऐकलं नाही. मग पेढे आणले. विभागप्रमुखांनी त्यांचा हात हातात घेतला, वर्तमानपत्रात फोटो आला, नागपूरच्या एका परिषदेत निबंध वाचायचं बोलावणं आलं. त्यांच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते. त्या दिवशी त्या दुसऱ्यांदा हसल्या.

परिषदेच्या आठवडाभर आधी परात घासायची म्हणून मी उरलेल्या अळ्या तात्पुरत्या एका कटोऱ्यात काढल्या. साधं पाणी, विषाचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या मेलेल्या. कटोरा उचलून बूड पाहिलं. लाल ठिपका.

तरी मनाची समजूत घालत मी एक लाल आणि एक साधा कटोरा घेतला, दोन्हींत नळाचं पाणी आणि दहा-दहा अळ्या. आयुष्यातला माझा पहिला प्रयोग. सकाळी लालमधल्या सगळ्या तळाशी आणि साध्यातल्या पोहताहेत. मी तिथंच स्टुलावर बसलो.

घरी मंदाला सांगितलं. ती म्हणाली, "तोंड बंद ठेवा ना जी. तुमचं काऊन पोट दुखून राह्यलं? सहा महिन्यांत रिटायर होतात त्या. होऊ द्या त्यांच्या मनासारखं." खरं सांगतो, दोन दिवस मी तोंड बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी मॅडमनी मला निबंध दाखवला. शेवटी आभार होते आणि आभारांत पहिलं नाव माझं. तेव्हा मात्र राहवेना.

"मॅडम, लाल कटोऱ्यांत इख न घालताही अळ्या मरून राह्यल्या."

त्या बिस्किटाचा चुरा करत होत्या. हात थांबला. "कोणी पाहिलं?"

"मी. दोनदा."

"साबण?" त्यांनी विचारलं. मी साबणाचं नावही काढलं नव्हतं.

"हो जी."

"कधीपासून?"

"तुम्हाले चावलं तेव्हापासून."

"काऊन, सुधाकरभाऊ? मी सांगतलं होतं ना, फक्त पानी."

"भेव वाटलं जी. तुमच्यासाठी वाटलं."

त्यांनी बिस्किटाच्या डब्याचं झाकण लावलं. पक्कं लागलं का ते दाबून पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलं. जा आता." ओरडल्या असत्या तर किती बरं झालं असतं!

त्याच दिवशी त्यांनी परिषदेला कळवलं की निबंध मागे घेते. कारण लिहिलं, प्रयोगात माझी चूक आढळली. माझी, म्हणजे त्यांची स्वतःची. माझं नाव कुठंच नाही. मग नवे कटोरे आणले आणि सगळं पहिल्यापासून केलं. अळीला सुईनं विष टोचलं तर अळी मरायची. पाण्यात घातलं तर मजेत पोहायची. पाण्यात ते विष टिकतच नव्हतं. मॅडमनी तेही तसंच लिहून ठेवलं. "मॅडमचं विष उतरलं," असं स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हटलं आणि सगळे हसले. मी चहाचा ट्रे तिथंच आपटला. मेमो मिळाला, मिळू दे.

माझ्याशी त्यांचं वागणं तसंच होतं. चहा घेतला का, पोरगी कशी आहे, सगळं विचारायच्या. फक्त कटोऱ्यांना हात लावू द्यायच्या नाहीत. तास संपले की पदर खोचून स्वतः मोरीवर उभ्या राहायच्या आणि एकेक कटोरा चार पाण्यांतून काढायच्या. मी किल्ल्यांचा जुडगा घेऊन मागं उभा. सहा महिने मी ती पाठ बघितली. निरोप समारंभात त्यांनी दोन मिनिटं भाषण केलं आणि रिक्षात बरण्या मांडीवर घेऊन बोरगाव मेघे वस्तीतल्या घरी गेल्या. सोबत जायला मी निघालो तर म्हणाल्या, "राहू द्या, मी जाईन."

पुढच्या वर्षी मीही निवृत्त झालो. त्यांच्या गल्लीवरून कितीदा सायकल नेली, पण फाटक उघडायची हिंमत झाली नाही. लोकांकडून कळायचं. गल्लीत त्यांना इच्चूवाली बाई म्हणत. पोरांना तिकडं फिरकू देत नसत. रविवारी त्या गाळणी घेऊन घरोघरी टाक्या बघायला निघाल्या की आतून कड्या लागायच्या. "आली झाकनवाली," असं म्हणायचे. ज्यांच्या दारावर थाप मारायच्या तेच आतून आवाज बंद करून बसायचे. हे ऐकून मला संताप यायचा, आणि मग आठवायचं की आपणही फाटकापासूनच परत फिरतो.

अडीच वर्षांनी त्यांचा फोन आला. "रविवारी येजा, सुधाकरभाऊ. कोरडा दिवस आहे."

गेलो. फाटकाजवळ टाकं, त्यावर पत्रा, पत्र्यावर वीट. मॅडम दारात उभ्या होत्या. वाळल्या होत्या आणि उजवा हात सारखा हलत होता. कंपवात, म्हणाल्या, जणू दुसऱ्याच कोणाचं सांगताहेत. घरात एक खाट, एक खुर्ची, बुद्धाची लहानशी मूर्ती आणि कुसुमचा फोटो. बरण्या सगळ्या रिकाम्या, एक सोडून, तिच्यात शेवटचा इच्चू. बाकीचे इच्चू त्यांनी बरडावर नेऊन सोडले होते, ज्या दगडाखालून आणले त्याच दगडाखाली. रिक्षावाला घाबरून लांबच थांबला होता म्हणे.

"एक राहिलं करायचं," त्या म्हणाल्या. "पाण्यात इख टिकत नाही. पण अळी चुरा खाते. चुऱ्यात घालून दिलं तर? टिकलं तर टिकलं. नाही तर नाही लिहू. थेंब मागेच काढून ठेवला. पण..."

त्यांनी मोरीकडं बोट दाखवलं. कटोरे पडले होते. काहींना लाल ठिपका, काहींना नाही.

"हातातून निसटतात. एवढे धुऊन देता का?"

मी बाह्या वर केल्या. वाटलं, त्या मागं उभ्या राहतील, मी उभा राहायचो तशा. पण त्या वळल्या आणि चहा ठेवायला आत निघून गेल्या. आतून कपबशीची किणकिण ऐकू येत होती, हात हलत होता ना. मोरीवर साबणाची वडी होती. ती मी उचलून खिडकीबाहेर कठड्यावर ठेवली. मग एकेक कटोरा चार पाण्यांतून काढला. लालही आणि साधाही. सगळे ओट्यावर एका ओळीत पालथे घातले.

मॅडम चहा घेऊन आल्या, निम्मा बशीत सांडलेला. खुर्चीवर बसून त्यांनी प्रयोगाची वही उघडली. मी जवळच उभा होतो, मला दिसलं. मी साबणाचं कबूल केलं त्या दिवसानंतर प्रत्येक पानावर त्यांनी एक नवा रकाना आखला होता, कटोरे कोणी धुतले. खाली पानंच्या पानं एकच शब्द, मी, मी, मी. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं आणि नव्या ओळीत हळूहळू लिहायला लागल्या. एकेका अक्षराला किती वेळ लागला! सुधाकरभाऊ. तिथं थांबल्या. मग स्वल्पविराम दिला आणि पुढं लिहिलं, सहकारी.

मी मोरीकडं तोंड फिरवलं. रडू आवरत नव्हतं आणि त्यांना ते दिसायला नको होतं.

"चहा घ्या," मागून मॅडम म्हणाल्या. "थंडा होऊन राह्यला."